श्वास घ्यायला थांबले

आमच्या गावचे केरबा पांचाळ मंगळवारी सकाळी सात वाजता वारले, पण त्यांच्या मुलानं मृत्यूच्या अर्जात 'स्टॉप्ड ब्रीदिंग' लिहायच्या जागी 'स्टॉप्ड टु ब्रीद' लिहिल्यामुळे दुपारी साडेबाराला ते स्मशानाच्या वाटेवर उठून बसले.

भोवरखेडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. नगर परिषदेच्या रजिस्टरात इंग्रजीत जे नोंदवलं जातं ते व्याकरणाप्रमाणे घडतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मराठीत लिहिल्याचं काही घडत नाही. मराठीतला अर्ज या सोमवारी दिला की पुढच्या सोमवारी हरवतो. इंग्रजीचं तसं नाही. पोस्टातल्या डहाळे नवराबायकोनं विवाहनोंदणीच्या अर्जात 'वी रिमेंबर टु मॅरी' असं लिहिलं होतं. त्यांना म्हणायचं होतं, लग्न केल्याचं आम्हाला आठवतं. त्यासाठी 'मॅरिइंग' हवं होतं. 'टु मॅरी'मुळे ते झालं, आम्ही आठवणीनं लग्न करतो. तेव्हापासून दर बारा मेला दोघं आठवणीनं लग्न करतात. यंदा अकरावं झालं. मी दर वर्षी स्टीलचा डबा देते. त्यांच्याकडे आता डबे ठेवायला जागा नाही, पण तो माझा प्रश्न नव्हे.

मी दुधगावकर बाई. इथल्या हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. गावातल्या निम्म्या नोंदी माझ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत, म्हणजे गावात जे काही बरंवाईट घडतं त्यात माझा वाटा आहे. ही बढाई नाही, तक्रारच आहे. पालथ्या घड्यावर चौतीस वर्षं पाणी ओतलं की थोडं आजूबाजूला सांडतं, आणि जिथे सांडतं तिथे काहीतरी उगवतंच.

केरबांचा मुलगा मुरलीधर माझाच विद्यार्थी. आज त्याची चाळिशी उलटली, पण मी त्याला मुरल्याच म्हणते. दहावीच्या चाचणीत त्याला इंग्रजीत बत्तीस मिळाले होते. मी तीन ग्रेस देऊन पस्तीस केले. आयुष्यात मी दिलेले तेवढेच ग्रेस मार्क.

मंगळवारी काय झालं ते मला चार जणांनी सांगितलं आणि चौघांचं सांगणं जुळलं, म्हणून मी ते खरं धरते. मुरल्यानं अकरा वाजता जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीत अर्ज दिला आणि तो घाईनं घरी परतला. तिरडी उठली. वाटेत वेशीबाहेर विसावा आहे. दगडी ओटा, शेजारी एक लिंब. तिथे तिरडी घडीभर टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. तशी ती टेकवली. नेमकं त्याच वेळी इकडे खिडकीमागे सोनटक्के कारकुनानं अर्जातलं वाक्य रजिस्टरात उतरवून काढलं.

केरबांनी डोळे उघडले. तोंडातलं तुळशीचं पान काढून तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "थांबा रे. जरा दम घेऊ द्या."

कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. पांचाळांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "अर्ज कुणी लिहिला?" सगळ्यांनी मुरल्याकडे पाहिलं. मुरल्या हातात मडकं धरून उभा होता.

केरबांच्या सुतळीच्या गाठी सोडल्या. ते ओट्यावर नीट मांडी घालून बसले आणि श्वास घेऊ लागले. पुढे नेऊ म्हटलं तर चौघांना उचलेनात. घरी नेऊ म्हटलं तरी उचलेनात. बरोबरच आहे. ते थांबले होते.

गुरुवारी मला नगर परिषदेचं पत्र आलं. विषय असा लिहिला होता: 'कै./श्री. केरबा पांचाळ (लागू नसेल ते खोडावे) यांच्या नोंदीतील व्याकरणविषयक तपासणीबाबत.' शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी, आणि येताना स्वतःचा लाल पेन आणावा, कार्यालयात शाई शिल्लक नाही.

तक्रार काय होती तेही पत्रात होतं. बुधवारी वाणी आळीतली एक अंत्ययात्रा विसाव्यावर आली, तर ओट्यावर केरबा. तिरडी टेकवायला जागाच नाही. खांदेकऱ्यांना न थांबता थेट जावं लागलं, आणि त्यातल्या दोघांचे खांदे धरले. विसावा सार्वजनिक आहे, एका माणसानं तो अडवून ठेवणं नियमात बसत नाही, असं तक्रारदाराचं म्हणणं. त्याचंही चूक नव्हतं. मेलेल्या माणसाला कधी नव्हे ती घाई असते.

शुक्रवारी मी लवकर निघाले आणि आधी विसाव्यावर गेले. कागद वाचण्याआधी माणूस बघावा, एवढं मला कळतं.

केरबा ओट्यावर बसले होते. कपाळावरचा गुलाल अजून गेला नव्हता. नेहमीच्या तेलकट कपड्यांऐवजी नवं कोरं धोतर अंगावर होतं, बाकी माणूस तोच. चाळीस वर्षं यांनी चौकात सायकलचं दुकान चालवलं. माझ्या लेडीज सायकलचं पंक्चर यांनी किती वेळा काढलं असेल त्याची गणती नाही.

"या बाई," ते म्हणाले. मग एक श्वास घेतला. "बसा." मग आणखी एक.

मी लिंबाखाली बसले. "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय की. खरं सांगू का बाई? जन्मभर लोकांच्या ट्यूबांत हवा भरली. स्वतः कधी दम घ्यायला थांबलो नव्हतो. आता थांबलोय तर कळतंय, हवा चांगली असते."

"घरी जावंसं वाटतं?"

"वाटतं. पण उठता येत न्हाई. ही येते सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन. बसते. बोलते. पंचेचाळीस वर्षांत एवढं बोलली न्हाई." ते हसले, मग हसणं थांबवून श्वास घेतला. "पोराची चूक झाली का हो बाई?"

"ते बघायलाच बोलावलंय मला."

"त्याला रागावू नका. तुमच्या नावानं अजून चळचळा कापतो."

उठले आणि नगर परिषदेकडे निघाले.

जन्म-मृत्यू विभागात मला खुर्ची दिली. समोर सोनटक्के. हाही माझाच विद्यार्थी, अक्षर चांगलं, डोकं बेताचं. एका बाजूला मुरल्या, दुसऱ्या बाजूला केरबांची बायको अनुसयाबाई, मांडीवर रिकामा डबा घेऊन. कपाळावर कुंकू होतं, पण घाईनं लावल्यासारखं, जरा तिरकं.

सोनटक्केनं नियम वाचून दाखवला. "नोंदीत भाषेची चूक आढळल्यास जाणकार व्यक्तीनं तसा दाखला द्यावा. दाखला मिळताच मूळ शब्द लाल शाईनं खोडून योग्य शब्द लिहिण्यात येईल. दुरुस्ती लिहिल्या क्षणापासून अमलात येईल." त्यानं कागद खाली ठेवला. "म्हणजे बाई, तुम्ही 'चूक आहे' म्हणालात की मी 'टु ब्रीद' खोडतो आणि 'ब्रीदिंग' लिहितो. दोन मिनिटांचं काम."

"आणि मग?" अनुसयाबाईंनी विचारलं.

सोनटक्के कागदाकडे बघत म्हणाला, "मग विसावा मोकळा होईल."

मग अनुसयाबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, मी अडाणी. ती टू म्हंजे काय हो एवढी?"

मी चौतीस वर्षं हा प्रश्न ऐकलाय, पण असा कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "अनुसयाबाई, इंग्रजीत 'थांबला' म्हटल्यावर पुढच्या क्रियापदाला 'टु' लावलं तर एक अर्थ होतो आणि शेवटी 'इंग' लावलं तर नेमका उलटा. आपल्याकडेही तसंच आहे. बघा. 'श्वास घ्यायला थांबले.' आणि 'श्वास घ्यायचे थांबले.'"

त्या पुटपुटल्या. "घ्यायला. घ्यायचे." पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे एका 'ला'वर माझा माणूस बसलाय व्हय?"

"हो."

"मग त्या 'ला'ला हात लावू नका. मंगळवारी बायकांनी माझं कुंकू पुसलं, मंगळवारीच परत लावलं. आज पुन्हा पुसायचं? ती काय पाटीवरची बेरीज हाय का?"

सोनटक्के म्हणाला, "मावशी, भावना समजतात. पण हे तांत्रिक आहे."

"तुझ्या तांत्रिकाला आग लाव," त्या म्हणाल्या, आणि डबा मांडीवर आपटला.

मी मुरल्याकडे वळले. "तू बोल. का लिहिलंस असं?"

तो उभा राहिला. वर्गात राहायचा तसाच, हात मागे बांधून. "बाई, मी नमुन्यावरूनच उतरवत होतो. काउंटरच्या काचेखाली असतो तो. 'स्टॉप्ड'पर्यंत दिसत होतं. पुढच्या शब्दावर सोनटक्के साहेबांचं स्टँपपॅड होतं. साहेब फोनवर होते, हलवा म्हणायचं धाडस झालं नाही. मग मी आठवून लिहिलं."

"काय आठवलंस?"

"तुम्ही शिकवलेलं. क्रियापदापुढे क्रियापद आलं की मधे टु घालायचा आणि पुढे चालायचं."

मी कपाळाला हात लावला. ते आठवीचं. आठवीच्या पोरांना एवढंच झेपतं म्हणून मी तसं सांगायची. नववीत मी अपवाद शिकवायची. स्टॉप, रिमेंबर, फरगेट, रिग्रेट, ट्राय. ते दोन तास मुरल्या वर्गात नव्हता, कारण जत्रेच्या आठवड्यात बापाच्या दुकानात गर्दी असायची आणि हा पंप मारायला बसायचा. तरी मी त्याला ग्रेस देऊन पुढे ढकललं. जे पेरलं ते असं समोर उभं राहतं.

आपल्याकडे 'ध'चा 'मा' करून माणूस मारल्याची गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत असते. आमच्या मुरल्यानं 'मा'चा 'ध' केला होता, आणि तोही न कळता.

"नमुना बघू," मी म्हटलं.

सोनटक्के उत्साहानं उठला. "बघा ना बाई. तुमचाच तर आहे."

मला ते माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले, तेव्हा त्याच दिवशी याच खिडकीत उभं राहून मी अर्ज लिहिला होता. 'माय हजबंड स्टॉप्ड ब्रीदिंग अॅट टेन पास्ट फोर इन दि आफ्टरनून.' स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं जागच्या जागी. सोनटक्के म्हणाला होता, "बाई, असा अर्ज या खिडकीवर कधी आलाच नाही," आणि नावं झाकून त्यानं तो काचेखाली नमुना म्हणून लावला होता. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीही मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

"नंतर बघते," मी म्हटलं. "आधी रजिस्टर दे."

त्यानं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी चष्मा पुसला आणि पेनाचं टोपण काढलं. अनुसयाबाईंनी डोळे मिटून घेतले. मुरल्या तसाच हात मागे बांधून उभा.

मी जन्मात बरोबर वाक्याला चूक म्हटलेलं नाही आणि चुकीला बरोबर म्हटलेलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीला मी नापास केलंय. स्वतःच्या भाच्याचा अर्धा मार्क कापलाय. तेव्हा केरबांच्या बाबतीत दयामाया दाखवायची म्हणून मी काही लिहिणार नव्हते. मनात दया खूप आली, नाही असं नाही. पण पेनात येऊ दिली नाही.

मी वाक्य मोठ्यानं वाचलं. "माय फादर स्टॉप्ड टु ब्रीद." मग पृथक्करण केलं. कर्ता आहे. क्रियापद भूतकाळी आहे, रूप बरोबर. दुहेरी पी लिहिलाय, जो निम्मी पोरं खातात. पुढे 'टु'चं रूप, हेतू सांगण्यासाठी. कशासाठी थांबले? श्वास घेण्यासाठी. शेवटी पूर्णविराम.

मी पुन्हा वाचलं. मग टोपण लावलं.

"सोनटक्के, या वाक्यात चूक नाही."

"अहो बाई, पण त्याला म्हणायचं होतं—"

"म्हणायचं काय होतं याला मी कधी मार्क दिले नाहीत. लिहिलंय काय ते बघते. वाक्य शुद्ध आहे."

"पण अर्थ?"

"पत्रात 'व्याकरणविषयक तपासणी' असं लिहिलंय. अर्थ तपासायचा असेल तर वेशीबाहेर जा आणि बघ. माणूस थांबलाय का? थांबलाय. श्वास घेतोय का? घेतोय. अर्थही बरोबर आहे."

सोनटक्केनं डोकं खाजवलं. त्यानं नियम पुन्हा वाचला, यावेळी मनात, ओठ हलवत. दुरुस्ती फक्त चुकीच्या नोंदीतच करता येते. बरोबर नोंदीत दुरुस्ती करायची सोय नाही. "मग विसाव्याचं काय करू? तक्रार आहे ना."

"विसावा वीस पावलं पुढे घे. लिंब काही तिथं एकच नाही."

तो विचारात पडला. मग मान हलवून त्यानं टिपण लिहिलं, आणि ते मराठीत लिहीत होता म्हणून मी तो कागद काढून घेतला आणि स्वतः इंग्रजीत लिहिलं. दुपारी चारच्या आत ओटा वीस पावलं पुढे गेला होता. केरबा बसले होते तो दगड तेवढा मागे राहिला.

मग मी तपासणीचा दाखला लिहिला. विषयातल्या 'कै.'वर लाल रेघ मारली आणि खाली सही केली.

मुरल्या माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "उठ. 'स्टॉप' पुढे काय काय येतं ते शंभर वेळा लिहून आण, दोन्ही अर्थांसकट. पण वहीत लिही. या इमारतीत कुठल्या कागदावर लिहू नकोस." तो हो म्हणाला. रडत होता, पण हो म्हणाला. अनुसयाबाईंनी डोळे उघडले, डबा उचलला आणि एवढंच विचारलं, "बाई, त्यांना संध्याकाळी पिठलं चालेल ना? का श्वासाच्या मधे अडतं?"

"दोन श्वासांच्या मधे द्या. सावकाश."

"सावकाशच," त्या म्हणाल्या, "आता काय घाई हाय?" आणि मायलेक गेले.

मी उठले नाही. सोनटक्के रजिस्टर कपाटात ठेवून आला तरी मी बसूनच होते.

"आणखी काही होतं का बाई?"

"एक विचारायचं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत दुरुस्तीचा अर्ज चालतो का?"

त्याला लगेच कळलं. इतका काही बेताचा नाही तो. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मुदतीची अट नाही बाई. कितीही जुनी नोंद चालते. फक्त चूक दाखवावी लागते. एखादी काना-मात्रा... म्हणजे स्पेलिंग, काळ, काहीही. तुम्ही एक चूक काढून द्या, पुढचं मी बघतो."

मी काउंटरपाशी गेले. स्टँपपॅड तिथेच होतं, त्याच शब्दावर. मी ते उचललं, बाजूला ठेवलं, आणि लाल पेनाचं टोपण काढून माझा अर्ज वाचायला घेतला.

पहिल्यांदा नजरेनं वाचला. दुसऱ्यांदा प्रत्येक शब्दाखाली पेन धरून वाचला. तिसऱ्यांदा शेवटून उलटा वाचला, कारण उलटं वाचलं की स्पेलिंगच्या चुका सापडतात, हे मीच पोरांना सांगायची. तारीख बरोबर. वेळ बरोबर. मोठी अक्षरं जिथे हवीत तिथेच. 'हजबंड'चं स्पेलिंग बरोबर. 'स्टॉप्ड'पुढे 'ब्रीदिंग', जे हवं तेच. मला मुरल्याचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता. बत्तीस मार्कांच्या मुलाचा.

"काही सापडलं का बाई?" सोनटक्केनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

मी टोपण लावलं. मग स्टँपपॅड उचललं आणि काचेवर पुन्हा होतं तिथेच ठेवलं, जरा इकडेतिकडे सरकवून, 'ब्रीदिंग' पूर्ण झाकेल असं.

"हे इथून हलवू नकोस," मी त्याला सांगितलं. "कुणीही म्हटलं तरी."

"बरं बाई," सोनटक्के म्हणाला, आणि पुढचा अर्ज घ्यायला खिडकी उघडली.